घरच्या घरी पेटीचा वर्ग : मुलं येतात, पण टिकतात का?

आपल्या रत्नागिरीत गाण्याला तोटा नाही. गणपतीत घरोघरी आरत्या-भजनं, देवळात सप्ताह, गावोगाव डबलबारीचे बुवा. शहरात आर्ट सर्कल, खल्वायन यांसारख्या संस्थांचे कार्यक्रम असतात आणि थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरतो. अशा गावात लग्न होऊन आलेल्या किती तरी जणी माहेरी चार-पाच वर्षं पेटी किंवा गाणं शिकलेल्या असतात. कुणाची मध्यमा झालेली, कुणी विशारदच्या उंबरठ्यावर असताना लग्न ठरलेलं. पेटीही बरोबर आलेली असते. ती कपाटावर, जुन्या साडीच्या कापडात गुंडाळून ठेवलेली!

मुलं शाळेत जायला लागली, दुपार मोकळी मिळू लागली की मग विचार येतो, घरच्या घरी वर्ग काढला तर? आणि वर्ग निघतोही. शेजारच्या काकूंची नात येते, मुलाच्या वर्गातला मित्र येतो, जूनमध्ये आठ-दहा मुलं जमतात. गणपतीनंतर सहा उरतात. दिवाळीनंतर तीन. मग आपण म्हणतो, ‘हल्लीच्या मुलांना आवडच नाही.’

मैत्रिणींनो, हे सगळंच खरं नाही. मुलांना आवड असते. पण ती आठवड्यातल्या दोन तासिकांवर जगत नाही. मूल वर्गात टिकणार की नाही हे ठरतं उरलेल्या पाच दिवसांत, त्याच्या स्वतःच्या घरी. त्या दिवसांत त्याला आपण होऊन पेटी उघडावीशी वाटली, तर ते मूल वर्षानुवर्षं येईल. नाही वाटली, तर तुम्ही कितीही जीव तोडून शिकवा, ते गळणारच. तेव्हा वर्ग काढताना, चालवताना सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करायची.

आधी आपली पेटी

कपाटावरची पेटी खाली काढलीत की लगेच मुलांपुढे ठेवू नका. आधी पंधरा दिवस स्वतः वाजवा. भाता हवा धरतो का, एखादी पट्टी दाबली की खालीच राहते का, कुठला सूर फाटका येतो, हे कागदावर लिहून काढा. सूर म्हणजे पितळेची बारीक पात. तिच्यावर धूळ किंवा गंज चढला की आवाज बसतो किंवा चढतो. तो घरी खरवडायचा नाही. पेटी दुरुस्त करणाऱ्याला दाखवायची. एकदा नीट करून घेतली की वर्षभर चिंता नाही.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची. रत्नागिरीत पाऊस पडतो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर, शिवाय खारी हवा. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याच्या चामड्याला बुरशी येते, झुरळं आणि उंदीर तर टपलेलेच. म्हणून काही नेम पाळा :

पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. पाटावर किंवा स्टुलावर ठेवा. वाजवून झाल्यावर भाता मिटून, सुती कापड घालून झाकण लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. पट्ट्या ओल्या फडक्याने कधीच पुसायच्या नाहीत. पट्टी अडकली तर तेल सोडायचं नाही. तेलावर धूळ बसून चिकटा होतो. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे रोज वाजवणं. वाजती पेटी लवकर बिघडत नाही.

नवी घ्यायची असेल तर शिकवायला साधी, दुहेरी सुरांची, सव्वातीन किंवा साडेतीन सप्तकांची पेटी पुरते. पट्ट्या सरकवून स्वर बदलणारी ‘स्केल चेंज’ पेटी महाग, जड आणि नाजूकही. लहान मुलांच्या वर्गात तिची गरज नाही.

जागा आणि घरची माणसं

वेगळी खोली हवी असं मुळीच नाही. पडवी, बाहेरची खोली, गच्चीवरची शेड, काहीही चालतं. एक सतरंजी, दोन पेट्या (एक तुमची, एक मुलांची) आणि भिंतीवर एक घड्याळ. पण त्या वेळात ती जागा वर्गाचीच असली पाहिजे. टीव्ही बंद, आणि भाजी घेऊन कुणी मधून जायचं नाही.

हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या. ‘पाच ते सात मी वर्गात असेन, दुधाची पिशवी आणि दार तुम्ही बघा,’ असं सरळ सांगा. पहिल्या महिन्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून तुम्ही तीनदा उठलात, तर मुलांनाही कळतं आणि त्यांच्या आयांनाही, की हा काही खरा वर्ग नव्हे. सासूबाईंना आवड असेल तर त्यांनाच हजेरीची वही द्या. मुलं वेळेवर येतात की नाही यावर त्यांच्याइतकी बारीक नजर दुसऱ्या कुणाची नसते! शेजाऱ्यांनाही वेळ सांगून ठेवा, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आवाज जरा बेताचा ठेवा.

एका वेळी तीनच मुलं घ्या, फार तर चार. दहा मुलांना एकत्र बसवलं की दोन वाजवतात आणि आठ जण पट्ट्यांवर बोटं फिरवतात. शक्यतो वयाने नव्हे, तर शिकण्याच्या पायरीने गट करा.

पहिला महिना मोलाचा

बहुतेक वर्गांत पहिले दोन-तीन महिने अलंकारांतच जातात. अलंकार हवेतच, पण सात वर्षांच्या मुलाला घरी जाऊन आजोबांना काहीतरी वाजवून दाखवायचं असतं. ‘बाईंनी अजून गाणं नाही शिकवलं,’ असं त्याने दोन महिने सांगितलं की आजोबाही विचारायचं सोडतात आणि तेही पेटी उघडायचं सोडतं.

तेव्हा पहिल्या महिन्याची आखणी अशी करून बघा. पहिल्या आठवड्यात फक्त भाता आणि एकच स्वर. डाव्या हाताने भाता असा चालवायचा की आवाज तुटता कामा नये आणि हिसकाही बसता कामा नये. कोण जास्त वेळ सलग सूर धरतो याचा खेळ लावा, मुलं हसत शिकतात. दुसऱ्या आठवड्यात पांढरी एक हा सा धरून सात शुद्ध स्वर. इथे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, म्हणून बोटं गोंधळत नाहीत. अंगठा दुसऱ्या बोटांखालून कसा न्यायचा तेही आत्ताच लावा; चुकीची सवय पुढे सुटत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक सोपा अलंकार, टाळी देऊन. आणि चौथ्या आठवड्यात चार-पाच स्वरांत बसणारी एखादी ओळखीची चाल. बालगीत असो, प्रार्थना असो. महिनाअखेर त्या मुलाच्या हातात एक गाणं असलंच पाहिजे.

यानंतरचं ठिकाण आपल्याला कॅलेंडरच दाखवतं. जूनमध्ये आलेल्या मुलाला सांगा, ‘गणपतीत तुमच्या घरची आरती तू वाजवायचीस.’ मुंबईहून चाकरमानी काका-आत्या आलेल्या, घर भरलेलं, आणि मधोमध आपलं पोरगं पेटीवर! त्या पाच दिवसांनंतर अभ्यासाला बस म्हणून सांगावं लागत नाही. भजनी मंडळातले बुवाही अशा मुलाला हाक मारून जवळ बसवतात. कोकणात पेटी शिकवणाऱ्या बाईला हे जे आयतं व्यासपीठ मिळतं, ते शहरातल्या महागड्या वर्गांनाही मिळत नाही.

जे वाजवायचं ते गायचंही

पेटी हे मुळात परदेशी वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवलं आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी आपल्या बैठकीला सोयीचं, हाताने भाता चालवायचं रूप त्याला दिलं. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी ते घराघरांत नेलं. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपलं दार बंद केलं. तक्रार अशी की पेटीत मींड निघत नाही आणि आपल्या रागांतल्या श्रुती तिच्या ठरीव स्वरांत बसत नाहीत. तीसएक वर्षांनी, १९७१ च्या सुमारास ही बंदी सैल झाली.

त्या तक्रारीत शिकवणारीसाठी एक बोध आहे. नुसत्या पट्ट्या दाबून कान तयार होत नाही. म्हणून प्रत्येक ओळ आधी गळ्यातून, मग बोटांतून. मोबाइलवर तानपुरा लावून ठेवा, तो आता फुकट मिळतो. दोन मिनिटं मुलांना नुसता सा लावायला सांगा. भूपासारखा पाच स्वरांचा राग घ्या. म आणि नी त्यात नाहीत, हे मुलांनी वाजवताना स्वतः ओळखू द्या. असं कान लावून शिकलेलं मूल घरी रेडिओवरचं गाणंही पट्ट्यांवर शोधत बसतं. ते शोधणं सुरू झालं की निम्मं काम झालं म्हणून समजा.

घरची दहा मिनिटं

रोज एक तास रियाज, असं सांगू नका. कुणी करत नाही, आणि न केल्याच्या भीतीने मूल वर्ग चुकवतं. दहा मिनिटं सांगा, पण रोज. वेळ ठरवून द्या. संध्याकाळी दिवा लावला की लगेच, किंवा सकाळी दप्तर भरल्यावर.

प्रत्येकाला एक छोटी वही करा. तासिका संपताना त्यात तीनच ओळी लिहायच्या : हा अलंकार पाच वेळा, ही ओळ तीन वेळा, आणि शेवटी तुला आवडेल ते. ही तिसरी ओळ विसरू नका. आईने फक्त तारखेवर टिचकी मारायची. ‘चुकलं, परत वाजव,’ असं आईने म्हणायचं नाही, हे मुलाच्या देखत तिला प्रेमाने सांगून ठेवा.

मुलाच्या घरी पेटी नसेल तर? सगळ्यांनाच लगेच घेणं परवडत नाही. जुनी पेटी चांगल्या अवस्थेत मिळाली तर सुरुवातीला ती उत्तम. तुमच्याकडे दुसरी असेल तर मुलांना पाळीपाळीने तासिकेआधी पंधरा मिनिटं येऊन वाजवू द्या. पुष्कळ घरांत विजेवरचा कीबोर्ड असतो. पट्ट्या ओळखायला तो चालेल, पण त्यात भाता नाही, म्हणून पेटीचा श्वास त्यावर कळत नाही. शिवाय पावसात वीज गेली की तो मुका. आपली पेटी काळोखातही वाजते!

परीक्षांचं काय करायचं?

पालक पहिल्याच दिवशी विचारतात, ‘परीक्षेला कधी बसवणार?’ पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं चारचौघांच्या घरात आणलं. त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे घरोघर माहीत आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद आणि अलंकार. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर त्या होतात. फॉर्म बरेच आधी भरावे लागतात, तेव्हा जवळच्या केंद्राकडे तारखांची वेळेवर चौकशी ठेवा.

परीक्षा चांगल्या. शिकण्याला क्रम येतो, आणि शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला नियमानुसार वाढीव गुणही मिळतात. पण याच गुणांपायी काही घरांत मुलाला एकामागून एक परीक्षेला रेटतात. वर्षभर तेच चार राग घोटायचे, प्रमाणपत्र आलं की पेटी बंद. दहावीचा निकाल लागला की कायमची बंद!

तेव्हा पालकांना नम्रपणे, पण ठामपणे सांगा की पहिलं वर्ष परीक्षा नाही. पुढेही परीक्षेच्या तयारीबरोबर महिन्याला एक गाणं परीक्षेबाहेरचं, मुलाच्या पसंतीचं. नाट्यगीत मागेल, अभंग मागेल, सिनेमातलंही मागेल. नाक मुरडू नका. त्याने निवडलेलं गाणं वाजवताना ते जी मेहनत घेतं, ती तुम्ही सांगून होत नाही.

दिवाळी-मे महिन्यात घरगुती बैठक करा. प्रत्येकाने एक-एक वाजवायचं, आजी-आजोबांना बोलवायचं, शेवटी पोहे आणि चहा. गावात चांगला कार्यक्रम असला की मुलांना घेऊन जा. पूर्ण तीन तास बसवू नका, अर्धा तास पुढे बसवा. पेटीवाल्याची बोटं जवळून दिसली पाहिजेत. पंडित तुळशीदास बोरकर, आप्पा जळगावकर यांचं वादन ऐकवा. आणि मुलींना मुद्दाम सीमा शिरोडकरांची साथसंगत दाखवा. मैफलीत पेटीला बहुधा पुरुषच बसलेले दिसतात. आपल्यालाही तिथे जागा आहे हे मुलींच्या डोळ्यांना दिसू द्या.

दुपारच्या मैत्रिणी

मुलांचा वर्ग संध्याकाळी. पण दुपारी तीन ते चार या वेळात आणखी एक वर्ग निघू शकतो, तो म्हणजे आपल्याच वयाच्या बायकांचा. भजनी मंडळात टाळ वाजवणाऱ्या पुष्कळ जणींना पेटी शिकायची असते, पण ‘आता या वयात?’ म्हणून त्या विचारत नाहीत. त्यांना तुम्ही विचारा. त्यांना परीक्षा नको असते. वर्षभरात दहा अभंग बसवायचे एवढंच ठरवा. बायकांचा आवाज बहुधा काळी चार-पाचला लागतो, तेव्हा त्यांना पहिल्यापासून त्याच पट्टीत शिकवा.

मुंबई-पुण्यात किंवा परदेशी असलेली भाचरं मोबाइलवर शिकायला तयार असतात, तेही करून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, म्हणून दोघांनी एकदम वाजवायचं नाही. आधी तुम्ही, मग त्याने. आणि मोबाइल असा ठेवायला सांगा की तोंडापेक्षा बोटं दिसतील.

फीचं स्पष्ट बोला

आता सगळ्यात अवघड विषय. पेटी अडली तर धीटपणे बोलणारी बाई फीचं नाव काढताना खाली बघते. ‘द्या काय द्यायचं ते,’ ‘तुमचीच मुलगी, पैसे कसले घ्यायचे!’ असं म्हणून मोकळी होते. मग वर्षभराने तिलाच वाटायला लागतं की आपण उगाच राबतोय, आणि वर्ग बंद पडतो. जे फुकट मिळतं ते चुकवायलाही कुणाला काही वाटत नाही, हेही तितकंच खरं.

साधा हिशेब मांडा. समजा बारा मुलं, तिघांचे चार गट, प्रत्येक गटाला आठवड्यात दोनदा पाऊण तास. म्हणजे आठवड्याचे सहा तास, महिन्याचे सुमारे पंचवीस. फी डोई ५०० रुपये धरली तर महिन्याला ६००० होतात. त्यातले ५०० पेटीच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाका. उरलेल्या ५५०० ला पंचविसाने भागलं की तुमच्या तासाचा मोबदला येतो २२० रुपये. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदला; पण एकदा भागाकार करून बघाच. स्वतःच्या कष्टाची किंमत आकड्यात दिसली की मागताना जीभ अडखळत नाही.

नियम एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी पालकांना द्या : फी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. मुलाने चुकवलेली तासिका भरून मिळणार नाही, तुमच्यामुळे बुडाली तर मिळेल. मे महिना आणि गणपतीचे दिवस सुट्टी, त्याची फी कशी ते आधीच ठरलेलं. सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगावं. एखादं हुशार मूल फी देऊ शकत नसेल तर त्याला अवश्य शिकवा. फक्त ते तुम्ही आणि त्याच्या आई-वडिलांपुरतंच ठेवा, चारचौघींत बोलू नका. आणि जमलेले पैसे घरखर्चाच्या डब्यात न टाकता आपल्या नावाच्या खात्यात भरा. त्यातून काय घ्यायचं ते मग तुमचं तुम्ही ठरवा.

संगीताच्या जिवावर घर उभं केलेल्या बायका आपल्याला नव्या नाहीत. गोव्यातल्या कुर्डीहून आलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी (१९०४–२००१) पतीच्या निधनानंतर एकटीने तीन मुलं वाढवली, मैफली केल्या आणि शिष्याही घडवल्या. त्यांतली एक त्यांचीच लेक, किशोरी आमोणकर. आपण काही मोगूबाई नव्हे. पण शिकवणं हे मानाचं काम आहे आणि त्याचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही, एवढं तर त्यांच्याकडून घेता येईल.

सुरुवात कधी करायची?

जून उत्तम, नाहीतर दसरा. सरस्वतीपूजनाच्या दिवशी पेटीचीही पूजा होते, त्या मुहूर्ताला कुणी नाही म्हणत नाही. पाटी रंगवून घ्यायची घाई नको. टिळक आळीत राहा की मारुती मंदिराला, बातमी एका हळदीकुंकवात गावभर होते! पहिल्या वर्षी तीन मुलं पुरेत. ती तिन्ही पुढच्या वर्षी टिकली, तर समजा वर्ग चालला.

तोवर आज दुपारी जेवणं आटोपली की कपाटावरचं ते गाठोडं खाली काढा, धूळ झटका आणि दहा मिनिटं स्वतः वाजवा. आणि उद्याही वाजवा. मुलांकडून जे रोज मागणार आहोत, ते आधी आपल्या हातात असू द्या.